गेंडा

गेल्या जूनमधला एक रविवार. पाऊस अजून धड लागला नव्हता, नुसती भुरभुर चालू होती, आणि मी जुन्या बाजारात गेले होते. पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी रस्त्याच्या कडेने ताडपत्र्या पसरतात तिथे मी गेली दहा-बारा वर्षं जातेय, आणि जाते तेव्हा खाली बघत चालते, कारण मला हवं असतं ते कधी दोरीला टांगलेलं नसतं, ते ढिगाच्या तळाशी असतं, रिमोट, चार्जर, किल्ली हरवलेली कुलपं असल्या सगळ्याच्या खाली. त्या दिवशी मात्र ते ढिगात नव्हतं. एका ताडपत्रीच्या कोपऱ्यात पाच-सहा वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसला होता आणि मिक्सरच्या भांड्यांच्या उतरंडीवरून एक प्राणी वर चढवत होता. तोंडाने घुर्र घुर्र चालू. प्राणी मधेच घसरायचा, की हा त्याला परत अगदी खालपासून सुरुवात करायला लावायचा, मधूनच चालू केलं असं नाही. प्राण्याला तीन शिंगं होती.

मी खाली बसले. "बघू?" म्हटलं. त्याने लगेच दिला, पाहुण्याला घरातली वस्तू दाखवावी तसा. मी तो उलटा केला. ही सवय आहे, डायनोसॉर जमवणारा कुणीही आधी पोट बघतो, चेहरा नंतर. पोटावर बारीक अक्षरं होती, मळ भरलेली, अंगठ्याने पुसल्यावर वाचता आली, वर ट्रायसेराटॉप्स आणि खाली ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्ट्री. माझे कान एकदम गरम झाले. मुलाने परत घ्यायला हात पुढे केला होता. त्याचे वडील पलीकडे कुणाला तरी पंख्याचं रेग्युलेटर दाखवत होते, त्यांनी तिथूनच माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "पन्नास द्या ताई." मी पर्स उघडली. मुलगा म्हणाला, "माझा गेंडा आहे तो." वडील म्हणाले, "तुला दुसरा देतो रे." तो रडला नाही, हट्ट नाही, नुसता हात थोडा वेळ तसाच पुढे ठेवला आणि मग मागे घेतला. मी पन्नासची नोट दिली, गेंडा पिशवीत टाकला आणि चालायला लागले, घाईत, कुणी मागून हाक मारेल अशी.

तो हात अजून डोळ्यासमोर आहे.

घरी येऊन मी तो जुन्या टूथब्रशने आणि भांड्याच्या साबणाने घासला. एकाच रंगाचं घट्ट प्लास्टिक, मूळ रंग कुठला असेल तो असो, उन्हाने पार विटलेला, एका बाजूला जास्त, म्हणजे वर्षानुवर्षं कुठल्यातरी खिडकीत एकच बाजू उन्हाकडे करून उभा असणार. इन्व्हिक्टा नावाची कंपनी होती इंग्लंडमधे, लेस्टरजवळ ओडबीला, मास्टरमाइंड नावाचा तो रंगीत खुंट्यांचा खेळ आठवत असेल तर तोही यांचाच. त्यांनी १९७४ पासून लंडनच्या म्युझियमसाठी हे डायनोसॉर काढले, सगळे एका मापाचे, खऱ्याच्या पंचेचाळिसाव्या भागाएवढे, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवले की कोण केवढा ते नुसतं बघून कळतं. आधीचे सगळे एकरंगी. म्युझियमने १९९२ मधे नाव बदललं, त्यामुळे पोटावर जुनं नाव असलं की वयाचा अंदाज येतो. तिकडे हा काही दुर्मिळ वगैरे नाही, दहा-पंधरा पौंडात मिळून जाईल, पण मंगळवार पेठेत? कुणीतरी कधीतरी लंडनला गेलं असेल, म्युझियमच्या दुकानातून पोरासाठी आणला असेल, पोरगं मोठं झालं, वाडा पाडला, रद्दीबरोबर भंगारवाल्याकडे गेला असेल. आणि एवढं सगळं फिरून झाल्यावर तो शेवटी जिथे पोचला होता तिथे त्याच्याशी कुणीतरी खेळत होतं.

माझे पहिले डायनोसॉर जत्रेतले. तो ज्युरासिक पार्क सिनेमा आपल्याकडे आला आणि त्याच वर्षी सगळ्या जत्रांमधे पोकळ, चकचकीत, पिवळ्या-हिरव्या रंगाचे डायनोसॉर आले, आत हवा, पोटावर मेड इन चायना, दाबलं की पुक्क आवाज. आता जमवणारे लोक याला चायनासॉर म्हणतात, आणि चायनासॉरच जमवणारेही आहेत. त्यांचा वास मला अजून येतो, नवीन चपलेच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा, गोडसर. भावाने आणि मी त्या दिवाळीत किल्ल्यावर ते ठेवले. किल्ला म्हणजे नेहमीचाच, विटा, पोतं, त्यावर माती, चारी बाजूंना बुरूज, वर महाराज, खाली मावळे, पायऱ्यांसाठी काड्यापेट्या, आणि डोंगर हिरवा व्हावा म्हणून मोहरी आणि गहू पेरलेले. पाचव्या-सहाव्या दिवशी गव्हाचे कोंब बोटभर वर आले आणि आम्ही त्यात सहा डायनोसॉर सोडले. शेजारचे एक काका बघायला आले, कौतुक केलं, मग म्हणाले की अगं महाराजांच्या काळात डायनोसॉर कुठून. भाऊ म्हणाला ते गडाच्या पाठीमागच्या जंगलात आहेत, महाराजांना माहीत नाही. काका गेले, पण मला ते लागलं. पुढे किती वर्षं मला ते लागलेलं होतं, म्हणजे काहीतरी चुकीच्या जागी चुकीचं ठेवलंय असं.

मग शाळा, कॉलेज, नोकरी, आणि एकतिसाव्या वर्षी तुळशीबागेत भातुकलीच्या पितळी भांड्यांसाठी गेले असताना एका दुकानात मागच्या फळीवर एक अँकिलोसॉरस दिसला, पाठीवर ढालींच्या रांगा आणि शेपटीला गोळा. तो पापोचा नव्हता, पापोची नक्कल होती, हे मला नंतर कळलं. मूळ पापो ही फ्रेंच कंपनी, त्यांचं रंगकाम बघण्यासारखं, सुरकुती अन् सुरकुती उठून दिसते, नकलेत डोळा चुकतो. नेहमी डोळाच चुकतो. बुबुळ खोबणीच्या बाहेर जातं, दोन डोळे दोन दिशांना, आणि पायाच्या आतल्या बाजूला साच्याची शिवण जाड लागते. मी तो नकली घेतला, अजून आहे. दुकानदाराने विचारलं, "किती वर्षांचा आहे मुलगा?" मी म्हटलं, "सहा." मला मूल नाही. पुढची पाच-सात वर्षं प्रत्येक दुकानात हाच प्रश्न, किती वर्षांचा मुलगा, मुलगी कधीच नाही, आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे सहा, माझा तो मुलगा कधी सातचा झालाच नाही. मग एक दिवस बोहरी आळीत एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला मी सांगून टाकलं की माझ्यासाठीच हवाय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, पोऱ्याला हाक मारली आणि माळ्यावरून अख्खं खोकं खाली काढायला लावलं. त्या खोक्यात माझ्या कामाचं काही नव्हतं तरी मी दोन घेतले.

लोक मला विचारतात की मिळतात कुठे एवढे. आता साधारण दोनशेच्या वर आहेत, मोजणं मी बंद केलंय. मुंबईत असले तर आधी क्रॉफर्ड मार्केट आणि समोरची अब्दुल रहमान स्ट्रीट, तिथे होलसेलवाले आहेत, डझनाखाली बोलत नाहीत, पण दुपारच्या जेवणाच्या वेळेला गेलं आणि नीट बोललं तर एकेक उघडून दाखवतात. चोर बाजारात मटण स्ट्रीटला मी शुक्रवारी पहाटे जाऊन आलेय, टॉर्च घेऊन, हातात चहाचा कागदी कप, अंधारात ढीग उपसायचे, मिळालं काय तर बिनाकाचे प्राणी. टूथपेस्टच्या खोक्यातून यायचे ते नखाएवढे प्लास्टिकचे, माझ्या आईच्या पिढीला विचारा, अजून जमवणारे आहेत त्यांचे. डायनोसॉर नव्हता त्यात एकही पण मी मूठभर घेतले, आईसाठी. आईने ते हातात घेतल्यावर तिचा चेहरा जो झाला त्यासाठी मी परत पहाटे चारला उठेन. जपानमधे कायोदो नावाची कंपनी आहे, त्यांनी २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत चॉकलेटच्या खोक्यातून असेच अंगठ्याएवढे डायनोसॉर दिले, पण काय काम आहे ते, भिंगाखाली धरावं असं. ते माझ्याकडे तीनच आहेत, एका मैत्रिणीचा नवरा ओसाकाहून आणतो म्हणाला आणि त्याने खरंच आणले.

मॉलमधल्या मोठ्या दुकानांत श्लाइश मिळतात, जर्मन, चांगले दणकट, लहान मुलासाठी घ्यायचा तर मी डोळे मिटून तेच सांगते. पण ज्याला शरीरशास्त्र नीट हवं, पुढच्या पंजांचे तळवे एकमेकांकडे वळलेले हवेत, जमिनीकडे नकोत, असा माणूस सफारी, कलेक्टा या कंपन्या, आणि अलीकडे चीनमधल्या पीएनएसओ आणि हाओलाँगगुड यांच्याकडे वळतो. मला ते फार आवडतात. चायनासॉर म्हणून ज्या देशाच्या नावाने आम्ही स्वस्त मालाला हाक मारली त्याच देशातून आज सगळ्यात काळजीने केलेले डायनोसॉर येतात, पीएनएसओच्या एका शाकाहारी प्राण्याच्या पोटाच्या बाजूची कातडी मी पहिल्यांदा बोटाने चाचपली तेव्हा हात पटकन मागे घेतला होता, इतकी ती सैल आणि कोमट वाटली. पण ते मिळवणं अवघड होऊन बसलं. ईबे इंडिया ही ऑनलाइन खरेदीची साइट २०१८ ला बंद झाली, तसलीच अलीएक्सप्रेस सरकारने २०२० च्या नोव्हेंबरमधे बंद केली, त्याच वर्षी खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ ला ७०. आणि १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्यावर आयएसआय मार्क हवाच. नियम लहान मुलांसाठी आहे, शिसं आणि घातक रसायनं असलेली खेळणी पोरांच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, मी लहानपणी ते जत्रेतले डायनोसॉर चावलेले आहेत. फक्त वर्षाला चार डायनोसॉर मागवणाऱ्या बाईसाठी त्यात जागा नाही एवढंच. माझं एक पार्सल कस्टममधे अडकलं, साडेतीन महिने मी पत्रं लिहीत होते, शेवटी ते आलं त्या दिवशी मला उघडावंसंच वाटेना.

मग राहतात माणसं.

माझा आतेभाऊ लेस्टरला असतो, वीस वर्षं झाली. इन्व्हिक्टाच्या गावापासून जवळच, आणि त्याला हे माहीतच नव्हतं. मी सांगितल्यावर तो एका शनिवारी कार बूट सेलला गेला, म्हणजे लोक आपापल्या गाडीच्या डिकीतून घरातली जुनी वस्तू विकतात तो बाजार, आपला जुना बाजारच पण गवतावर. तिथून त्याने व्हिडिओ कॉल केला, हा का हा का करत, मी इकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत ओरडतेय, पोट दाखव, पोट दाखव. त्या दिवशी त्याला दीड पौंडात कार्नेगीचा एक मिळाला. पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमच्या नावाने सफारी कंपनी हे काढायची, १९८८ ते २०१५, आता बंद. आत्या जाताना त्याच्यासाठी भाजणी, मेतकूट, चिवडा नेते आणि येताना तिच्या बॅगेत साड्यांच्या घडीत गुंडाळलेले डायनोसॉर असतात. एकदा एअरपोर्टवर बॅग उघडायला लावली तर आत्याने त्या ऑफिसरला सांगितलं की भाचीचं आहे, ती शिकतेय. काय शिकतेय ते त्यांनी विचारलं नाही. आत्या ७४ वर्षांची आहे, तिला स्टेगोसॉरस आणि अँकिलोसॉरस यातला फरक मी सांगितलेला नाही, तिने आपणहून ओळखला, म्हणाली याच्या पाठीवर उभे पापड आहेत.

उन्हाळ्यात त्यांचं बघावं लागतं. एप्रिलमधे पश्चिमेच्या भिंतीवरचे दोन पायांचे डायनोसॉर हळूहळू पुढे वाकायला लागतात, प्लास्टिक सैल पडतं आणि सगळं वजन घोट्यावर येतं, एक दिवस सकाळी चार-पाच जण पालथे पडलेले दिसतात. मग गरम पाण्यात पाय बुडवायचे, मऊ झाले की हाताने सरळ करायचे, तसंच धरून गार पाण्यात. हे करताना मला फार बरं वाटतं. दोन मिनिटं तो पाय तसाच धरून उभं राहावं लागतं, ओट्याशी, दुसरं काही करता येत नाही. नवरा म्हणतो तू आजाऱ्याला शेक देतेस असं दिसतं. पण खरं सांगायचं तर एवढाच माझा त्यांना हात लागतो. बाकी वर्षभर ते काचेमागे. धूळ बसू नये म्हणून काच आणि मुलं येतात म्हणून कुलूप. भाचा चार वर्षांचा असताना त्याने काचेला नाक लावून विचारलं होतं की हे कधी सुटणार.

तरी ज्याच्यासाठी मी खरं फिरते तो मला कुठल्याच दुकानात दिसलेला नाही. माझं आजोळ वरोऱ्याचं, चंद्रपूर जिल्हा. मामा मला लहानपणी पिसदुऱ्याच्या शेतात घेऊन गेला होता, नांगरलेली काळी जमीन आणि तिच्यात करडे गोल दगड, हातात घेतले की अपेक्षेपेक्षा जड. मामा म्हणाला हे राक्षसाचं शेण आहे. मी दगड खाली टाकला आणि हात फ्रॉकला पुसले. ते खरंच शेणच होतं, साडेसहा कोटी वर्षांहून जुनं, दगड झालेलं, बहुधा लांब मानेच्या टायटॅनोसॉर जातीतल्या प्राण्यांचं. आणि शेजारीच डोंगरगावला त्या जातीतल्या एका प्राण्याची हाडं सापडली, ती कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने काढली, १९९७ मधे त्याला टायटॅनोसॉरसचा भाऊ म्हणून नाव दिलं, आणि २००३ मधे तो वेगळाच निघाला तेव्हा त्या संस्थेच्याच आद्याक्षरांवरून नाव ठेवलं, आयएसआय, म्हणून इसिसॉरस. पुढचे पाय लांब, पाठ मागे उतरत गेलेली, मान त्या जातीच्या मानाने आखूड आणि जाड. त्याच संस्थेने सिरोंच्याच्या बाजूच्या गोदावरीकाठच्या खडकांमधून एक फार जुना, फार मोठा सांगाडा काढला होता, तो १९७५ चा बारापासॉरस टॅगोराय, बंगालीत बडो म्हणजे मोठा, मोठ्या पायाचा, पण मराठी माणसाला मी नाव सांगितलं की तो बारा पाय मोजायला लागतो. कलकत्त्याला त्याचा सांगाडा उभा केलेला आहे, मी बघून आलेय, संस्थेतल्या मधल्या दालनात, खाली उभं राहून वर बघताना मान अवघडली.

आपल्या मातीतला इसिसॉरस मी किती ठिकाणी विचारला असेन. दुकानदार म्हणतात टी-रेक्स घ्या ना. टी-रेक्स माझ्याकडे अकरा आहेत. टी-रेक्स अमेरिकेत सापडला, तिकडच्या पोरांनी आधी मागितला म्हणून तो इकडेही मिळतो, पुण्यात, वरोऱ्यात, गडचिरोलीच्या आठवडी बाजारातसुद्धा मी बघितलाय, प्लास्टिकच्या बादल्यांच्या शेजारी. वरोऱ्याचं पोरगं ज्या जमिनीवर शाळेत जातं त्या जमिनीतला प्राणी त्याच्या हातात कधी येत नाही आणि दुसऱ्या खंडातला येतो. आयएसआयच्या नावाचा प्राणी आयएसआय मार्क लावून का मिळू नये? ही दोन आयएसआय वेगळी आहेत हे मला कळतं, पण मला हे मनापासून वाटतं. शेवटी मी तो छापून घेतला. कर्वेनगरमधे एक मुलगा रेझिनचं थ्रीडी प्रिंटिंग करतो, एका परदेशी चित्रकाराकडून फाइल विकत घेतली, त्याने वीतभर लांबीचा काढून दिला, राखाडी, गुळगुळीत, एका रात्रीत. रंग मी दिला. काळ्या जमिनीचा रंग, पाठीवर थोडा करडा, त्या दगडांचा. चांगला झालाय. पण त्याचं पोट कोरं आहे. उलटा केला की काहीच लिहिलेलं नाही, आणि मी दर वेळी उलटा करतेच.

आणि गवताचं सांगायचं राहिलं. डायनोसॉरचे देखावे करणारे लोक फार कडक असतात, पायाखाली गवत घातलं की लगेच सांगतात, काढ, तेव्हा गवत नव्हतं, नेचे घाल, सूचिपर्णी घाल. मीही वर्षानुवर्षं तेच मानत होते. मग कळलं की २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणाच्या दगडांमधून वनस्पतींचे सिलिकाचे सूक्ष्म कण काढले, आणि त्यात गवताचे होते. पिसदुऱ्याच्या शेणात. म्हणजे मामाने माझ्या हातात दिला तसल्याच एखाद्या दगडात. डायनोसॉरच्या काळात गवत होतं आणि त्यांनी ते खाल्लंही होतं, आणि हे जगाला वरोऱ्याजवळच्या शेतातून समजलं. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते, मी भावाला फोन लावला, तो झोपेतून उठून म्हणाला कोण गेलं का. मी म्हटलं, अरे आपला किल्ला. गहू म्हणजे गवतच की. आपण त्यांना गव्हात सोडलं होतं ते बरोबर होतं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मी सांगितलं होतं त्या काकांना.

त्या गेंड्याला मात्र मी काचेमागे ठेवू शकले नाही. ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी ठेवला, मग टेबलावर, मग ऑफिसच्या बॅगेत. रोज पोट वाचायचे. मी काही चोरी केलेली नाही, किंमत त्यांनी सांगितली आणि मी एक रुपया कमी केला नाही, हे सगळं मी स्वतःला सांगून झालं, आणि माझ्याकडे तो नीट राहील, त्या मुलाने दोन महिन्यांत शिंग मोडलं असतं, हेही. मग वाटायचं, मोडलं असतं तर मोडलं असतं. एवढी वर्षं तो टिकला तो कुणाकुणाच्या हातात राहून टिकला ना, आणि दोनशे प्राणी काचेमागे ठेवून मी कधी एकदातरी त्यांना मिक्सरच्या भांड्यांवर चढवलं आहे का. पुढच्या रविवारी मी परत गेले. ती ताडपत्री नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस इतका की बाजारच नव्हता. बुधवारी ऑफिसमधून अर्धा दिवस काढून गेले, शेजारचा कुलपंवाला म्हणाला गावी गेलेत, येतील.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ते होते. मी बरोबर दोन घेऊन गेले होते. एक नवा, कलेक्टाचा ट्रायसेराटॉप्स, रंगवलेला, मोठा, आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात जुना, रुमालात. रिक्षात मी ठरवलं होतं की जुनाच द्यायचा. मुलगा तिथेच बसला होता, त्याच कोपऱ्यात, केस बारीक कापलेले. त्याच्या हातात पितळी नळाची एक तोटी होती, जुनी, वरच्या बाजूला फुलीसारखी मूठ असलेली, ती त्याने आडवी धरली होती म्हणजे मूठ पुढे आणि तिची दोन टोकं शिंगांसारखी वर, आणि ती मिक्सरच्या भांड्यांवरून चढत होती. घुर्र. मी खाली बसले. त्याने मला ओळखलं, ते चेहऱ्यावर दिसलं, आणि तोटी मांडीखाली सरकवली.

मी म्हटलं, "नाही नाही, ते तुझं आहे. मी हा आणलाय." आणि हात बॅगेत गेला तो नव्याकडेच गेला. आतल्या कप्प्याकडे गेला नाही. ते मला तेव्हाही कळत होतं.

त्याने नवा घेतला. वडिलांकडे बघितलं, ते कुणाशी तरी मिक्सरच्या झाकणाचा भाव करत होते. मग त्याने तो उलटा केला आणि पोटाजवळ डोळे नेऊन बघितलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला, मी फिरवला होता तसा, एकदा आणि परत एकदा. त्याला वाचता येत असेल असं वाटलं नाही. मग ताडपत्रीवर उभा केला, मांडीखालून तोटी काढली, आणि दोघांची तोंडं एकमेकांसमोर आणली, अगदी जवळ, टेकेपर्यंत.

"कोण आहे?" मी विचारलं.

"थांबा," तो म्हणाला.